पैसे सुईचे की गुणाचे?

विहिरीला पाणी कमी पडले म्हणजे शेतकरी बोअरची गाडी बोलावतो. गाडीवाला पहिल्याच बोलण्यात दर सांगतो, आणि तो दर असतो फुटाचा. दोनशे फूट गेले तर दोनशेंचे पैसे, चारशे गेले तर चारशेंचे. खाली पाणी लागले काय किंवा नुसता धुरळा उडाला काय, त्याच्या हिशेबात फरक पडत नाही. मग दोनशे फुटांवर थोडी ओल दिसली की तो म्हणतो, "दादा, आणखी पन्नास फूट जाऊन बघू." तो लबाडच असतो असे नव्हे. फुटावर पैसे ठरले की फूट वाढतात, एवढेच.

दवाखान्याचेही असेच आहे. डॉक्टरला पैसे कशाबद्दल द्यायचे, यावर दवाखान्यातून आपल्याला काय मिळणार हे पुष्कळसे ठरते. सुईचे पैसे दिले तर सुया मिळतात, शस्त्रक्रियेचे दिले तर शस्त्रक्रिया मिळतात. औषधाला गुण आला की नाही, माणूस उठून कामाला लागला की नाही, याचे पैसे कोणी कोणाला देत नाही. आता सरकारच घराघराच्या इस्पितळाचा खर्च उचलू लागले आहे, तेव्हा हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. म्हणून घोटावड्यासारख्या गावातल्या घराच्या अंगाने तो जरा उलगडून पाहू.

रोज, उक्ते, वाटा आणि बलुते

मुळशीच्या भातकऱ्याला मजुरीचे प्रकार शिकवायला नकोत. लावणीला माणसे रोजाने लावली तर कामाला वेळ लागतो; दिवस मावळला की रोज पदरात पडणारच असतो. तेच खाचर उक्ते दिले तर लावणी झटपट होते, पण रोपे विरळ पडतात, कडेची जागा तशीच राहते. वाट्याने दिले तर वाटेकरी बांधावरचे गवतसुद्धा काढतो, कारण पीक वाढले तर त्याचाही वाटा वाढतो. मात्र वाटेकरी जमीन पाहून घेतो. पाणथळ, काळी जमीन असेल तर चार जण पुढे येतात. वरकस, मुरमाड तुकडा कोणी हातात धरत नाही.

चौथा प्रकार जुन्या लोकांना आठवत असेल, तो बलुत्याचा. सुतार-लोहाराला नांगर दुरुस्तीचे रोख पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर ठरलेले धान्य मिळे, मग वर्षात नांगर एकदा मोडो की दहादा. त्यामुळे नांगर मजबूत करण्यातच सुताराचे हित होते. मोडका नांगर म्हणजे त्याला फुकटचे काम. बलुत्यात जातीची जी बेडी होती ती गेली, फार बरे झाले, तिची आठवण गोड करून सांगण्याचे कारण नाही. पण पैसे देण्याची ती रीत तेवढी ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

खासगी डॉक्टरला आपण पैसे देतो ते बोअरच्या गाडीसारखे, फुटावर. तपासणीचे वेगळे, सुईचे वेगळे, सलाईनचे वेगळे. यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. ताप आला की "सुई मारा, नुसत्या गोळीने काय होणार" असा आग्रह धरणारे आपणच. सलाईन लावली नाही तर डॉक्टर कच्चा, असे म्हणणारेही आपणच. साध्या थकव्याला सलाईनपेक्षा घरचे ताक-मीठ आणि दोन दिवसांची विश्रांती बरी, असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या दारात मात्र गर्दी नसते.

कार्ड आले, फार चांगले झाले

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात गेली आणि त्याच वेळी पुणे जिल्ह्यालाही तिचा लाभ मिळू लागला. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होते. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात निघाली आणि २०२० पासून दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र चालू लागल्या. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाख झाली आणि पिवळे, केशरी असा भेद न राहता पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही योजना खुली करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून हे अंमलात आले.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पूर्वी मोठे दुखणे आले की खर्च ज्याचा त्याच्यावर पडे. बैल विकायचा, दागिना गहाण टाकायचा, अगदीच गळ्याशी आले तर जमिनीचा तुकडा काढायचा. पिरंगुटच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या मुलाच्या घरी कामगार विम्याचे कार्ड असे. शेती करणाऱ्या भावाच्या घरी काहीच नसे. आता लाखो कुटुंबांच्या दुखण्याचा पैसा एका तिजोरीतून जातो, आणि ती तिजोरी सरकारची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कराची. लावणीला आपण सावड करतो त्यातलाच हा प्रकार: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. फरक इतकाच की या सावडीत राज्यभराची घरे आहेत.

हृदयाची नळी मोकळी करणे, कर्करोगाचे उपचार, भाजणे, अपघात, डायालिसिस अशा कामांचे दर या योजनेत आधीच ठरवून ठेवले आहेत. २०२३ च्या निर्णयात असे १,३५६ उपचार होते. प्रत्येकाची एकगठ्ठा रक्कम ठरलेली. आपल्या भाषेत सांगायचे तर हे उक्ते काम. इस्पितळाने बिल फुगवू नये यासाठी ते बरेच. सुईगणिक पैसे मोजण्यापेक्षा उक्ते केव्हाही चांगले. आणि ज्या घरातल्या माणसाचे प्राण या कार्डाने वाचले, त्याला त्याची किंमत सांगायला नको.

मग अडले कुठे?

समजा, घोटावड्यातला एक पन्नाशीचा शेतकरी आहे. थोडी जमीन रस्त्याकडेला गेली, उरलेल्या दोन खाचरांत इंद्रायणी भात आहे, मुलगा हिंजवडीला कामाला जातो. चालणे कमी झाले, चहा वाढला. रक्तातली साखर वाढलेली, पण ती दुखत नाही म्हणून कळत नाही. अधूनमधून गोळी घेतो, बरे वाटले की सोडतो. रक्तदाबाचेही तेच. अशी आठ-दहा वर्षे जातात आणि एक दिवस पायावर सूज येते, लघवी कमी होते, डॉक्टर सांगतात मूत्रपिंडे निकामी झाली. आता आठवड्यातून दोन-तीनदा डायालिसिस.

या दिवसापासून कार्ड चालू होते. डायालिसिसचे पैसे तिजोरी देते, दर खेपेला देते, आणि ते द्यायलाच हवेत. पण त्याआधीच्या दहा वर्षांत त्या माणसाला महिन्याच्या महिन्याला बोलावून, गोळी घेतली का ते विचारून, साखर-दाब ताब्यात ठेवणाऱ्या कोणाला या योजनेतून एक पैसा मिळत नाही. योजना इस्पितळात दाखल होऊन करायच्या उपचारांची; तपासून औषध देऊन घरी पाठवणे तिच्यात जवळजवळ बसत नाही. मूत्रपिंड बिघडले तर इस्पितळाला पैसे. बिघडू दिले नाही तर कोणालाच काही नाही. नांगर मोडला तरच सुताराला धान्य द्यायचे, अशी ही रीत झाली.

उक्त्याचा दुसरा धोका याहून वाईट आहे. केंद्र सरकारने २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना काढली होती, कुटुंबाला तीस हजार रुपयांची. कार्ड घेऊन बाई पोटात दुखते म्हणून गेली की गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया सांगायची, असे प्रकार छत्तीसगडात इतके झाले की २०१२ साली काही डॉक्टरांचे परवाने स्थगित करावे लागले. शस्त्रक्रियेचा दर ठरलेला, कार्डात शिल्लक पडलेली, आणि बाईला खरोखर गरज होती का हे विचारणारे कोणी नाही.

आपल्याकडे बीडमध्ये घडले त्यात सरकारी कार्डापेक्षा दारिद्र्याचा आणि मुकादमाच्या उचलीचा भाग मोठा होता. पण शस्त्रक्रियेवर पैसे मोजण्याची रीत तीच. २०१९ साली आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. एक खाडा पडला की मुकादम दंड कापणार, म्हणून पाळीच नको असे बाईला वाटायचे, डॉक्टर म्हणायचा, "कर्करोग होईल, काढून टाका." पुढे जन्मभर कंबर दुखते, हाडे ठिसूळ होतात, त्याचा हिशेब शस्त्रक्रियेच्या पावतीत नसतो. या आकड्यांपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. सहा बायांमागे एक.

ज्वारीच्या पायलीचा विमा

आता ती बलुत्याची गोष्ट. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांसाठी एक योजना चालवली. तिच्यामागे डॉ. उल्हास जाजू यांचे नाव मोठे. सुगी झाली की प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन अधिक त्याच्या पायल्या अधिक, भूमिहीनाच्या कमी. त्या बदल्यात वर्षभर अचानक आलेल्या दुखण्यासाठी रुग्णालयात मोफत उपचार. मोतीबिंदू, हर्निया अशा आधी ठाऊक असलेल्या कामांचा काही भाग मात्र घरच्यांनी सोसायचा.

दोन गोष्टी यात फार शहाणपणाच्या होत्या. एक म्हणजे गावातली निदान पाऊणशे टक्के घरे आली तरच गाव योजनेत घ्यायचे. नाही तर ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तोच तेवढा ज्वारी आणून देणार आणि निरोगी घरे बाजूला राहणार. सावड मोडते ती अशीच. दुसरी गोष्ट, त्या धान्यातून गावातच आरोग्याचे काम करणारा माणूस ठेवायचा, म्हणजे दुखणे लहान असतानाच धरता येते. ज्वारीतून रुग्णालयाचा सगळा खर्च निघे असे नाही, सरकारी अनुदान लागेच. पण पायली देऊन गेलेला शेतकरी रुग्णालयात भिकाऱ्यासारखा उभा राहत नसे, हक्काने विचारत असे. आमच्या मते त्या योजनेची खरी कमाई ती.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून केलेले काम अनेकांना ऐकून माहीत आहे. गावातल्याच बाया, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती दिले. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला. शस्त्रक्रियागृहे वाढवून हे झालेले नाही. पाणी, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, लस, बाळंतपणाची काळजी, यांतून झाले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत हाच धडा नवजात बाळांसाठी गिरवला. घरी जाऊन बाळ तपासणाऱ्या आरोग्यदूत बाया तयार केल्या, आणि जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आले. यावरून २०११ पासून सगळ्या देशात आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या भेटी द्यायच्या, त्याबद्दल त्यांना अडीचशे रुपये द्यायचे, असे ठरले. आता त्या अडीचशे रुपयांच्या अटी पाहा. भेटी पूर्ण हव्यात, बाळाचे वजन लिहिलेले हवे, लस दिलेली हवी, जन्माची नोंद झालेली हवी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघेही सुखरूप असावेत.

म्हणजे गुणावर पैसे देण्याची रीत आपल्याला ठाऊकच नाही असे नाही. ती आपण लावली कोणाला, तर सगळ्यांत कमी मिळवणाऱ्या बाईला. अडीचशे रुपयांसाठी तिने बाळ-बाळंतीण सुखरूप दाखवायची, आणि लाखाची शस्त्रक्रिया करणाऱ्या इस्पितळाला, रुग्ण महिन्याने कसा आहे, हे फार काळ कोणी विचारले नाही. आम्हाला हे उफराटे वाटते.

परमुलखात काय केले

एकाच तिजोरीची कल्पना बाहेरच्या देशांत कारकुनांनी नव्हे, तर पुष्कळदा शेतकऱ्यांनीच उचलून धरली. कॅनडात सस्कॅचवान नावाचा गव्हाचा प्रांत आहे. घरे मैलोगणती दूर, डॉक्टर टिकेना. तेव्हा तिथल्या ग्रामसंस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून शेतसाऱ्याबरोबर थोडी पट्टी बसवून वर्षाच्या पगारावर डॉक्टर ठेवायला सुरुवात केली. त्याच प्रांताने १९४७ साली इस्पितळाचा विमा आणि १९६२ साली डॉक्टरांच्या सेवेचा सार्वजनिक विमा आणला. डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला, तरी योजना टिकली आणि पुढे सगळ्या कॅनडाने ती घेतली. मात्र तिथेही बहुतेक डॉक्टरांना पैसे भेटीगणिकच मिळत राहिले. तिजोरी एक झाली म्हणून मोजमाप आपोआप सुधारत नाही, ते वेगळे सुधारावे लागते.

ते तैवानने करून पाहिले. तैवानात पूर्वी कामगारांचा विमा वेगळा, सरकारी नोकरांचा वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा होता. १ मार्च १९९५ रोजी ते सगळे मिळून एकच राष्ट्रीय विमा झाला. सगळ्या रुग्णांची नोंद एका ठिकाणी आली, तेव्हा मधुमेहाचा खर्च कुठे जातो हे त्यांना दिसू लागले. २००१ साली त्यांनी मधुमेह, क्षय, दमा असे काही आजार निवडले आणि वेगळा मोबदला ठरवला. जो डॉक्टर मधुमेह्याची नोंद घेऊन त्याला ठरल्या वेळी बोलावील, तीन महिन्यांची साखर मोजील, डोळे, लघवी आणि पाय तपासील, त्याला जादा पैसे. पुढे साखर खरोखर ताब्यात राहिली तर त्याबद्दलही बक्षीस आले. नांगर न मोडल्याबद्दल धान्य!

पण वर वाटेकऱ्याबद्दल सांगितले ते इथेही घडले. काही डॉक्टरांनी सोपे रुग्ण नोंदवले. ज्यांचे दुखणे जुनाट, ज्यांना चार रोग एकदम, त्यांना नोंदवायचे टाळले. मुरमाड तुकडा कोण घेणार? म्हणून गुणावर पैसे देताना, कोणाची जमीन मुळात कशी होती, हेही मोजावे लागते. अवघड रुग्ण घेणाऱ्याला जरा अधिक मिळाले नाही, तर गरीब आणि म्हातारी माणसेच दारातून परत जातात.

आपल्याकडची पाच मोजमापे

आपल्या देशात हा विचार कागदावर आला आहे. आयुष्मान भारत योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले, की इस्पितळाने किती उपचार केले एवढेच न पाहता उपचाराचे मोलही पाहायचे, आणि त्यासाठी पाच गोष्टी मोजायच्या. रुग्ण समाधानी आहे का. घरी गेलेल्या रुग्णाला पुन्हा दाखल व्हावे लागले का. मोफत उपचार असूनही त्याच्या खिशातून किती पैसे गेले. तक्रारी किती आल्या आणि किती खऱ्या निघाल्या. आणि पाचवी, खरी महत्त्वाची: माणसाचे जगणे सुधारले का, चालता येते का, दुखणे कमी झाले का, आपले काम आपण करता येते का.

पहिली दोन आणि पाचवी मोजमापे समजायला सोपी आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे सगळी मदार आपल्यावर आहे. कार्डावर दाखल झालेल्या माणसाकडून "डिपॉझिट भरा", "हे औषध बाहेरून आणा", "ही तपासणी योजनेत बसत नाही" असे म्हणून पैसे घेतले जातात, आणि नातेवाईक रात्रीच्या धांदलीत ते देऊन मोकळे होतात. पावती मागत नाहीत. मागितली तरी जपून ठेवत नाहीत. वर, "डॉक्टरांनी जीव वाचवला, आता कशाला तक्रार" म्हणून गप्प बसतात. मग कागदावर त्या इस्पितळात कोणाच्याही खिशातून काही गेलेले नसते.

योजनेच्या प्रत्येक इस्पितळात आरोग्यमित्र असतो. दाखल होतानाच त्याला गाठावे. शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्ड जवळ असावे. बाहेरच्या औषधाची पावती घ्यावी, आणि तक्रार असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर सांगावी. घरी आल्यावर प्रकृतीची विचारणा झाली तर "सगळे बरे आहे" असे सवयीने सांगू नये. जखम चिघळली असेल तर चिघळली म्हणावे, आणि खरेच बरे वाटत असेल तर तसेही मोकळेपणाने सांगावे. चांगल्या इस्पितळाची पत त्यानेच वाढते.

घोटावड्यात काय करता येईल

हे सगळे दिल्ली-मुंबईचे झाले. गावात बसून काय करायचे?

रक्तदाबाचे उदाहरण घ्या. केंद्र सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे २०१८ मध्ये आले. त्या उपक्रमात नवीन यंत्रसामग्री फारशी नव्हती. ठरलेल्या साध्या, स्वस्त गोळ्या, महिना-महिन्याचा पुरवठा, प्रत्येक रुग्णाचे नोंदकार्ड, आणि न येणाऱ्याला निरोप. मात्र हिशेब विचारला तो वेगळा. किती गोळ्या वाटल्या हे विचारून थांबायचे नाही. नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब १४० आणि ९० च्या खाली आला, हे विचारायचे. हाच तो गुण.

त्या गोळ्या आपल्याकडेही सरकारी दवाखान्यात मिळतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणे हे आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे कामच आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट आहे. तरी पुरुषमाणसे तपासायला जात नाहीत. आशाताई दारात आली की घरची कारभारीण पुढे येते आणि कारभारी गोठ्यात काहीतरी काम काढतो. पंपाला अर्थिंग आहे का ते पाहणारा माणूस स्वतःचा दाब किती हे सांगू शकत नाही.

सरकारी दवाखान्याला हिशेब विचारण्याची वाटही पुणे जिल्ह्याला नवी नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली ती महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, आणि त्यांत पुणे जिल्हा होता. पुण्याची 'साथी' संस्था त्यात पुढे होती. गावकऱ्यांनी दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे. औषधे नाहीत, डॉक्टर राहत नाहीत, पैसे मागितले, हे सगळे तिथे नावानिशी निघे, आणि पुष्कळ ठिकाणी त्यातून दवाखाने सुधारले.

त्याला जोडून दोन आकडे विचारता येतात. गावातल्या तीस वर्षांवरच्या किती जणांची साखर आणि दाब तपासला, आणि ज्यांना दुखणे निघाले त्यांतल्या किती जणांचे या तिमाहीत ताब्यात आले. परिचारिकेच्या वहीत आणि आशाताईंच्या नोंदीत हे सापडते. कोणाचेही नाव घ्यायचे नाही, दुखणे ही ज्याची त्याची खासगी गोष्ट. नुसते आकडे पुरे. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ते मागू शकते आणि ग्रामसभेत वाचू शकते. आकडा कमी निघाला तर लगेच आशाताईवर ओरडू नये. गोळ्यांचा साठा संपला होता का, तपासणीची पट्टी होती का, माणसे शेतावर असताना दुपारी शिबिर ठेवले होते का, हे आधी पाहावे. लावणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवलेल्या शिबिराला घोटावड्यात कोण येणार? तेच शिबिर दिवेलागणीला देवळापाशी ठेवले तर गोठ्यात दडलेले कारभारीही सापडतील.

ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिले जाते. हे दोन आकडे तारखेसह त्यात लिहून घ्यावेत, म्हणजे पुढच्या सभेला ते पुन्हा काढून शेजारी नवे लिहिता येतात.